निळा तारा आणि सहा रेघा

मी एक जुनी दुर्बीण आहे मित्रांनो, आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकते: मी आजवर एकही तारा पाहिलेला नाही. माझा सगळा जन्म एका संस्थेच्या तळघरात, एका लांब टेबलावर गेला. तरीही ताऱ्यांबद्दल चार खऱ्या गोष्टी सांगायचा मला हक्क आहे. तो कसा, ते ऐका.

आम्ही दोघी जुळ्या. वीतभर लांब, वीतभर रुंद आणि वीतभर उंच अशी एकेकीची पेटी. पोटात पाच भिंगांची नळी, आणि नळीच्या तळाशी नखाएवढी काळी चकती. थोरली माझ्यापेक्षा अर्ध्या तासानं मोठी, म्हणजे तिचे स्क्रू आधी आवळले गेले. आधी तयार होईल ती अवकाशात जाणार आणि मागून येईल ती खाली राहणार, असं ठरलेलं होतं. अर्ध्या तासाच्या फरकानं एकीला आभाळ मिळालं आणि दुसरीला टेबल. याचं मला फार वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही कधी कधी वाटतं.

आमचं काम होतं तेजस्वी ताऱ्यांचा उजेड मोजण्याचं. तुम्ही म्हणाल, तेजस्वी तारे तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात, त्यांना दुर्बीण कशाला? पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. डोंगरांवरच्या अवाढव्य दुर्बिणी मिणमिणत्या ताऱ्यांसाठी बांधलेल्या असतात. ठळक तारा समोर आला की त्या दिपून जातात. शिवाय जमिनीवरून बघायचं तर मध्ये हवा असते, आणि थरथर हवेची की ताऱ्याची तेच कळत नाही. म्हणून हवेच्या वर आमच्यासारखी चिमुकली दुर्बीण पाठवायची.

आमच्या संस्थेच्या मोठ्या बाई हे नव्या माणसांना फार छान समजावून सांगायच्या. त्या म्हणायच्या, "कलिंगड घेताना आपण टिचकी मारतो आणि आवाजावरून आतलं ओळखतो. ताऱ्याला टिचकी मारायला कोण जाणार? पण तारा आपला आपणच आतून हलत असतो. फुगतो, आकसतो, दुमदुमतो. त्याचा उजेड किती कमी-जास्त होतो ते नीट मोजा, म्हणजे त्याच्या पोटातलं कळेल." हा फरक किती, तर कधी हजारातला एक भाग, कधी दहा हजारातला. एवढ्याशा फरकावरून इतक्या लांबच्या धगधगत्या गोळ्याचं अंतरंग माणसाला कळू शकतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या धातूच्या अंगावरही काटा आला.

आता एक विचित्र गोष्ट सांगते. आम्हाला मुद्दाम अंधुक दिसावं असं बनवायचं होतं. आमच्या काळ्या चकतीवर लाखो बारीक बारीक वाट्या असतात, आणि त्यांत उजेड साठतो. ठळक तारा जर टोकदार ठिपका होऊन पडला, तर मधल्या दोन-चार वाट्या काठोकाठ भरून वाहू लागतात, आणि वाहून गेलेला उजेड मोजता येत नाही. म्हणून ठिपका पसरट करायचा, उजेड शेकडो वाट्यांत वाटून द्यायचा आणि मग बेरीज करायची. त्यासाठी भिंगाच्या नळीवर एक कडं होतं आणि कड्यावर बारीक रेघा कोरलेल्या होत्या. स्वच्छ दिसणाऱ्या जागेपासून कडं बरोबर चाळीस रेघा मागे फिरवायचं, असं आराखड्यात लिहिलं होतं.

हे काम आलं भिंगवाल्या काकांकडे. काकांनी उभा जन्म लोकांना स्वच्छ दाखवण्यात घालवला होता. चष्मे, सूक्ष्मदर्शक, जमीन मोजणाऱ्यांची यंत्रं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांच्या टेबलावर मलमलचे तुकडे घडी घालून ठेवलेले असत आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आराखडा वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "म्हणजे मी चांगली भिंगं बनवायची आणि मग ती मीच बिघडवायची?"

"बिघडवायची नाहीत हो काका, पसरवायचंय," बाई हसून म्हणाल्या.

काकांनी सांगितल्याप्रमाणे चाळीस रेघा मोजल्या. वहीतही 'चाळीस' असं लिहिलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, झाकण चिकटवायच्या आधी, त्यांनी थोरलीतून एकदा दिव्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तो ओघळलेला, मळकट ठिपका त्यांना बघवेना. सुस्कारा टाकून त्यांनी चिमटीत कडं धरलं आणि किंचित पुढे सरकवलं. सहा रेघा. मग माझ्याकडे वळले, आणि माझंही कडं तेवढंच सरकवलं. दोघी बहिणींत दुजाभाव नको म्हणून. वर काळं झाकण बसलं, डिंक वाळला, आणि वहीतलं 'चाळीस' तसंच राहिलं.

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं, मित्रांनो. पण दुर्बिणीला डोळा असतो, तोंड नसतं.

पुढे आमच्या परीक्षा झाल्या. एके दिवशी आम्हाला तापवलं, गोठवलं, गदागदा हलवलं. आणि दुसऱ्या एका दिवशी, साध्या खोलीत, दिवा लावून आमची नजर तपासली. तापवलेल्या अवस्थेत दिवा लावून कुणी बघितलं नाही. ठिपका जरा आटोपशीर दिसतोय असं बाई म्हणाल्या, पण चालण्यासारखा होता. एका सकाळी थोरलीला फोमच्या पेटीत ठेवून घेऊन गेले. काही आठवड्यांनी वरच्या मजल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा मला कळलं, ती पोचली.

माझंही काम सुरू झालं. थोरलीला जी आज्ञा द्यायची, ती आधी मला देऊन बघायची. वळ, थांब, पंचवीस फोटो घे, झोप. रोज रंगीत तालीम माझी आणि प्रयोग तिचा. मी मान वळवायचे ती भिंतीकडे. भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्याच आज्ञेवर ती मान वळवायची आणि तिच्यासमोर निळा तारा असायचा.

निळा तारा हे आमच्या आकडेताईनं ठेवलेलं नाव. ही मुलगी संस्थेतली सगळ्यांत धाकटी संशोधक. थोरलीकडून येणारे आकडे तिच्याकडे यायचे. जिने चढताना ती पायऱ्या मोजायची, म्हणून सगळे तिला आकडेताई म्हणायचे. तिची नेमणूक तात्पुरती होती आणि त्या वर्षाच्या अखेरीस संपणार होती. संस्थेत एकच कायमची जागा निघाली होती आणि तिच्यासारखे सात जण त्यावर डोळा ठेवून होते. काहीतरी मोठं हाती लागलं नाही तर तिला ताऱ्यांचं काम सोडून दुसरी नोकरी शोधावी लागणार होती. हे तिनं काकांना सांगितलं होतं. डबा खायला ती तळघरात यायची, कारण वर कुणी निवांत जेवू देत नसे.

आणि एका दुपारी ती जिन्यावरून धावतच खाली आली. त्या दिवशी तिनं पायऱ्या मोजल्या नसाव्यात.

"काका! निळा तारा मंद होतो! दर पाचव्या दिवशी! हजारातले दोन भाग, अगदी नियमानं!"

"म्हणजे काय होतं?"

"म्हणजे त्याच्याभोवती कुणीतरी फिरतंय. आजवर कुणाला न दिसलेला जोडीदार. दर पाच दिवसांनी तो आडवा येतो आणि उजेड थोडा अडतो!"

काकांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. "आमच्या भिंगातून दिसलं हे?"

"तुमच्याच भिंगातून."

काकांना त्या दिवशी मूठभर मांस चढलं. मी मात्र मनातून चरकले. का ते मलाही कळत नव्हतं, पण त्या कड्याची आठवण झाली खरी.

आकडेताईनं सगळं तपासलं. थोरलीचं अंग काही दिवशी जरा तापतं, हे तिलाही दिसलं होतं. पण कडं चाळीस रेघांवर असेल तर एवढ्या उष्णतेनं काही बिघडत नाही, असं गणित सांगत होतं. गणित चोख होतं. त्यात घातलेला चाळीस तेवढा खोटा होता. मोठ्या सभागृहात तिनं शोध जाहीर केला. दूरदूरच्या संस्थांतून पत्रं आली. बाई जाता-येता तिच्या पाठीवर थाप मारू लागल्या. कायमच्या जागेची मुलाखत आता नावापुरती, असं सगळे म्हणू लागले. आणि तळघरात मी मूग गिळून बसले होते.

आता निवांतरावांची ओळख करून द्यायला हवी. थोरलीशी बोलण्यासाठी गच्चीवर अँटेना होती, आणि तिच्या खोलीत पाच माणसं पाळीपाळीनं, एकेक दिवस काम करायची. त्यांतले हे एक. थोरली डोक्यावरून जाताना तिचा रेडिओ सुरू करायचा, निरोप घ्यायचे आणि ती क्षितिजाखाली जायच्या आत तो बंद करायचा. बाकीचे चौघं तसं करत. निवांतराव मात्र म्हणत, "राहू दे की चालू. पुढच्या फेरीला बंद करू. काय आभाळ कोसळतंय?" आणि चहाला जात. थोरलीची एक फेरी शंभर मिनिटांची. तेवढा वेळ रेडिओ चालू राहिला की तिचं अंग तापायचं.

मग एके दिवशी निवांतराव शिडीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. आणि निळ्या ताऱ्याचं मंदावणं थांबलं.

पहिला पाचवा दिवस कोरडा गेला तेव्हा आकडेताईला वाटलं, आकड्यांत काहीतरी गफलत असेल. दुसराही गेला. तिसराही गेला. ती डबा न उघडता तळघरात बसून राहू लागली. तशात अँटेनाच्या खोलीत काहीतरी विचारायला गेली असताना तिला भिंतीवर टाचलेला पाळ्यांचा कागद दिसला. निवांतरावांच्या नावावर काट मारलेली होती. तिनं मागच्या महिन्यांच्या तारखा मोजल्या, एकदा, दोनदा, तीनदा. ज्या ज्या दिवशी निवांतराव, त्या त्या दिवशी निळा तारा मंद.

ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं माझ्यासमोर दिवा लावला, खोटा तारा म्हणून, आणि माझ्या अंगाला गरम पट्टा गुंडाळला. काका कोपऱ्यात भिंग पुसत बसले होते.

"हे होता कामा नये काका," ती म्हणाली. "चाळीस रेघांवर हे होऊच शकत नाही."

मी तापू लागले. माझी नळी केसभर लांबली. ठिपका आवळत गेला, आवळत गेला, आणि मधल्या वाट्या भरून वाहू लागल्या. पडद्यावर दिव्याचा उजेड हजारातले दोन भाग उतरला. दिवा मात्र होता तसाच होता. मला तेव्हा धाय मोकलून रडावंसं वाटलं. पण त्याच वेळी वाटलं, बरं झालं, एवढ्या दिवसांनी माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं.

खोलीत पट्ट्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. काका गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. झाकण चिकटलेलं होतं, वहीत चाळीस होतं, आणि पुढच्या महिन्यात काका निवृत्त होणार होते. ते उठले, दिव्यापाशी आले.

"पोरी, चाळीस नाही ते."

"काय चाळीस नाही?"

"कडं. चौतीस आहे. दोघींचंही. झाकण लावायच्या आधी मीच फिरवलं. मला तो अंधुक ठिपका बघवेना. वहीत बदल केला नाही... लाज वाटली म्हण, नाहीतर माज म्हण."

आकडेताई स्टुलावर बसली. म्हणाली, "सोमवारी माझी मुलाखत आहे."

"माहितीय मला."

"सोमवारपर्यंत कुणाला कळणार नाही."

"माझ्याकडून नाही कळणार," काका म्हणाले. "तू म्हणशील तसं."

तिनं पट्ट्याचं बटण बंद केलं. मी थंड होत होते, आणि पडद्यावर दिवा पुन्हा हळूहळू उजळत होता. ती तिकडेच बघत होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही, पण तिनं पुढे जे विचारलं ते मला अक्षर न् अक्षर आठवतं.

"नक्की चौतीस का काका? तेहतीस नाही, पस्तीस नाही?"

"जन्म गेला कडी फिरवण्यात. चौतीस म्हणजे चौतीस."

"मग चला वर. बाईंना सांगू."

बाई आधी भयंकर संतापल्या. "जगासमोर माझं नाक कापलंत!" म्हणाल्या. दोन दिवस त्यांनी दोघांशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच मोठं सभागृह उघडायला लावलं, आणि मला तळघरातून उचलून मंचावर ठेवलं. मी पहिल्यांदाच जिना चढले. आकडेताई उभी राहिली आणि म्हणाली, "निळ्या ताऱ्याला जोडीदार नाही. तारा मंद होत नव्हता, आमची दुर्बीण मंद होत होती." मग काका उठून उभे राहिले आणि त्यांनी चौतिसाची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. कुबडी टेकत आलेले निवांतराव तेवढे मागून म्हणाले, "म्हणजे इतके दिवस एक तारा माझ्यामुळे मंद होत होता? घरी सांगायला हवं. बायको म्हणते, माझ्याच्यानं काडीसुद्धा हलत नाही!" तेव्हा मात्र सगळे हसले.

कायमची जागा दुसऱ्याला गेली. ते व्हायचंच होतं. आकडेताईच्या हाती एक वर्षाची मुदतवाढ आली, तीही बाईंनी चार ठिकाणी शब्द टाकला म्हणून.

पण मित्रांनो, त्या चौतिसाच्या आकड्यानं काय केलं ते बघा. ठिपका किती रेघांनी जास्त आवळलेला आहे हे नेमकं कळल्यामुळे, थोरलीला किती थंड ठेवलं म्हणजे तो पुन्हा पुरेसा पसरेल, याचं गणित मांडता आलं. उत्तर आलं, बारा अंश. आधी मला थंड पेटीत ठेवून पाहिलं. माझ्या अंगावर दव जमलं, पण ठिपका पसरला आणि सगळ्या वाट्या काठाखाली राहिल्या. मग थोरलीला निरोप गेला: उन्हाकडे पाठ कर, काम झालं की लगेच रेडिओ बंद, आणि पाहत राहा. ती पाच महिने निळ्या ताऱ्याकडे पाहत राहिली.

आणि तेव्हा तो खरा दिसला. पाच दिवसांचा नियम वगैरे काही नव्हता. हजारात दोन भागही नव्हते, त्याच्या विसाव्या हिश्शाएवढे बारीक चढ-उतार होते. एक नव्हे, अकरा. एक काही तासांचा, एक त्याहून संथ, एक त्यांच्या आतून वाहणारा. अकरा लयी एकाच वेळी, एकमेकींत गुंतलेल्या आणि तरी एकही न चुकणारी. अख्खा तारा दुमदुमत होता. आपल्या सूर्यासारखे कित्येक सूर्य पोटात मावतील एवढा तो गोळा, माणसं नव्हती तेव्हापासून असाच दुमदुमत होता, आणि कुणाला पत्ता नव्हता. त्या अकरा लयींवरून आकडेताईनं सांगितलं की ताऱ्याचा गाभा बाहेरच्या अंगापेक्षा जास्त वेगानं फिरतो. जिथं कुणी कधी जाणार नाही, जिथून उजेडसुद्धा थेट बाहेर येत नाही, तिथलं तिनं सांगितलं. बाई पडद्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी नुसते हात जोडले. मी टेबलावर होते, भिंतीकडे तोंड करून. तरीही सांगते, इतकं सुंदर मी काही अनुभवलेलं नाही.

शोधाचा निबंध लिहून झाला तेव्हा आकडेताईनं काकांना बोलावून घेतलं. ते निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. तळघरात, माझ्या शेजारी बसून तिनं त्यांना एक वाक्य वाचून दाखवलं.

"'भिंगाचं कडं नोंदवहीत चाळीस रेघांवर दाखवलं असलं, तरी ते प्रत्यक्षात चौतीस रेघांवर आहे. ही माहिती कडं बसवणाऱ्या कारागिरानं स्वतः दिली, आणि या निबंधातली सगळी मोजणी तिच्यावर उभी आहे.'"

काकांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग विचारलं, "कारागीर म्हणजे कोण, ते नाही लिहिलंस?"

"म्हटलं, तुम्हाला आवडेल न आवडेल."

"नाव घाल. नाहीतर उगाच दुसऱ्या कुणावर संशय जायचा."

तिनं पेन काढलं आणि समासात त्यांचं नाव लिहिलं. आपलं नाव बरोबर लिहिलंय ना, हे काकांनी चष्मा नाकावर आणून नीट पाहिलं, आणि मग त्यांना रडू आलं.

मित्रांनो, थोरलीची बॅटरी आता संपली आहे, आणि मी धूळ खात पडले आहे. माझी धूळ पुसा असं मी म्हणणार नाही, पुसलीत तर आवडेल. एवढीच विनंती आहे: हातून चूक होईल, सगळ्यांच्याच होते, तेव्हा नुसतं 'चुकलं' म्हणून मोकळे होऊ नका. किती चुकलं, तेही सांगा. नेमका आकडा सांगा, कितीही लाज वाटली तरी. कारण तुमच्या मागून कुणीतरी तारा बघायला आलेलं असतं.